सडा, मळा आणि गोठा : पेडणे-डिचोलीच्या गोधनाचा मागोवा

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या भागात 'गोरवांचो पाडवो' म्हणतात, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. त्या सकाळी गुरांना न्हाऊ घालावे, शिंगांना रंग लावावा, गळ्यात फुलांच्या माळा घालाव्यात, पोळे खाऊ घालावेत आणि मग त्यांना रानात मोकळे सोडावे, असा आपल्या पूर्वजांचा परिपाठ होता. काही वर्षांपूर्वी पाडव्याला आम्ही डिचोली तालुक्यातील एका आप्तांकडे गेलो होतो. चौसोपी घर, मागे कुळागर आणि कुळागराच्या कडेला वीस गुरे मावतील एवढा गोठा. गोठ्यात मोटारसायकल उभी होती. पूजेसाठी लागणारे शेण शेजारच्या वाड्यावरून प्लास्टिकच्या पिशवीतून आणले होते. घरातील वृद्ध काकींनी पूजा यथासांग केली आणि आम्हीही नमस्कार केला. परंतु ज्या पूजेत पूज्यच अनुपस्थित आहे, ती पूजा कशाची, हा प्रश्न मनात राहिला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे.

गुरे गेली याचे कारण विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : 'आता कोणाला शेण काढायला नको.' या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर समाधान मानू नये. गोधन हे एका व्यवस्थेचे अंग होते. त्या व्यवस्थेचे खांब एकेक करून काढले गेले, तेव्हा गोठा रिकामा झाला. ते खांब कोणते, हे पाहू.

या भूमीत माणूस आणि गोवंश यांचा संबंध किती जुना आहे, याची साक्ष दगडांवर आहे. सत्तरीतील मावशी येथे झरमे नदीच्या पात्रातील खडकावर वशिंडाचे बैल कोरलेले आहेत. सांगे तालुक्यातील उसगाळीमळ येथील खोदचित्रे १९९३ साली प्रकाशात आली, त्यांतही बैल आणि गवे आहेत. पुढे शेतीची वस्ती स्थिरावली आणि गावकरी ही ग्रामसंस्था आकारास आली. पोर्तुगीजांनी १५२६ साली अफोन्सु मेशियाच्या फोराल या दस्तऐवजात तिसवाडीच्या गावकऱ्यांचे जुने रिवाज नोंदवून घेतले, कारण ते मोडून सारा वसूल होणार नाही हे त्यांना कळले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर लिहिलेला निबंध या विषयातील आजही वाचनीय असा टप्पा आहे.

आपला प्रदेश मात्र नव्या काबिजादींचा. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२च्या सुमारास, तर पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तोवर या महालांचा कारभार सावंतवाडीकरांकडे आणि कागदपत्रे मराठीत, मोडी लिपीत. शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार करविला तो याच डिचोलीत. आपल्यापैकी अनेक घराण्यांची वस्ती या दोन-तीन शतकांच्या घडामोडींतून झाली. नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढी-रिवाजांचा संग्रह एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापला गेला, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासात महत्त्वाची आहे. राज्यकर्ते बदलले तरी शेत, रान, पाणी यांवरील रिवाज एकाएकी बदलले नाहीत, असा तिचा अर्थ.

आता जमिनीची रचना पाहू. आपल्याकडील गाव हे तीन पायऱ्यांचे असते. खाली नदीकाठी खाजन आणि मळे, मध्ये खेर व मोरड जमिनी, घरे आणि कुळागरे, आणि वर जांभ्या दगडाचा सडा. सडा म्हणजे पडीक जमीन, असे सरकारी कागदात लिहिलेले आम्ही नोकरीत असंख्य वेळा वाचले आणि दुर्दैवाने लिहिलेही. वस्तुतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जेव्हा खालच्या प्रत्येक कुणग्यात भात उभे असते, तेव्हा गावाच्या साऱ्या गुरांना पोसणारा हाच सडा. आश्विनात तेथील करड कापून साठवावे, कापणीनंतर गुरे मळ्यांत उतरावीत, भाताच्या खोडव्यांवर चरावीत आणि तेथेच शेण टाकावे, मग वायंगणीच्या शेतांतून पुन्हा दूर राहावे, असे हे वर्षाचे चक्र. राखण्या पोर घरोघरची गुरे सोडवून सकाळी सड्यावर नेई, दुपारी गोठणीवर बसवी आणि दिवेलागणीला परत आणी. त्याला मोबदला धान्यात मिळे. सड्यावर कोणाचा सातबारा आहे हे गुरांना किंवा राखण्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती.

या व्यवस्थेत दूध हे गाईचे शेवटचे काम होते, पहिले नव्हे. पहिले काम नांगराला बैल देणे. दुसरे, शेण देणे, कारण तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात जांभ्या मातीचा कस दरवर्षी धुपून जातो आणि माड, पोफळी व भात यांना तो परत मिळतो तो गोठ्यातून. कुळागरातील पोफळीच्या आळ्यात पालापाचोळा आणि शेणखत पडले नाही, तर सुपारी किती उतरते हे जाणकारांस विचारावे. तिसरे काम संचयाचे : घरात लग्न, आजारपण किंवा कोर्टाची फेरी आली की एखादे पाडे बाजारात जाई. बँक गावात येण्यापूर्वी बँक गोठ्यात होती. आशिया-आफ्रिकेतील विकसनशील देशांच्या पशुपालनावर गेल्या काही दशकांत जे लेखन झाले, त्यात हीच गोष्ट पुनःपुन्हा सांगितलेली आहे. गरीब कुटुंबाचे जनावर हे केवळ उत्पन्नाचे साधन नसून खत, ओढकाम, बचत आणि विमा या चारही गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या असतात. केनियातील मसाई किंवा आमच्या सड्यावरील गवळी, दोघांचाही हिशोब लिटरांत मांडला की चुकतो.

गोधनाचा दुसरा प्रवाह घाटावरून येई. रामघाट आणि चोर्ले घाट या वाटांनी बेळगावकडील धान्य लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून खाली उतरे आणि आपल्या आगरांतील मीठ वर चढे. डिचोली, साखळी ही गावे वाढली त्यात या बैलांच्या खुरांचा वाटा मोठा आहे. मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ साली सुरू झाला आणि या तांड्यांचा व्यापार ओसरत गेला. पुढे १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा घाटावरचे आणि सावंतवाडीकडचे बाजार पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याला बंद झाले. मुक्तीपूर्वीच्या त्या सहा-सात वर्षांत बाहेरचा माल बोटीने येत राहिला, पण नांगराचा बैल बोटीने येत नाही. ज्यांच्या गोठ्यात स्वतःची पैदास होती, तेच तेव्हा निभावले, असे आमचे वडील सांगत.

तिसरा प्रवाह गवळी-धनगरांचा, आणि त्याविषयी आपल्या घराण्यांनी अधिक प्रामाणिकपणे बोलावयास हवे. डोंगरमाथ्यावर चार-पाच झोपड्यांचा वाडा, म्हशींचा कळप, तूप आणि दही गावात आणून विकणे, उतारावर थोडी कुमेरी करून नाचणी पिकवणे, दसऱ्याला गजनृत्य, असे त्यांचे जीवन. ज्या डोंगरावर ते राहत, तो डोंगर बहुधा भाटकाराचा, मोकासदाराचा, कोमुनिदादीचा किंवा सरकारचा असे. भाटकाराला वर्षाकाठी तूप मिळे, शेतात म्हशी बसवून खत मिळे आणि डोंगराची राखण आपोआप होई. धनगराला चराईची मुभा मिळे. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालला. तोंडी होता म्हणून तो टिकला आणि तोंडी होता म्हणूनच तो पुढे कोणत्याही कार्यालयात सिद्ध करता आला नाही.

मुक्तीनंतर १९६४चा कूळ कायदा आला आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन देण्याचे तत्त्व स्वीकारले. भातशेतीच्या कुळाला त्याने न्यायाची वाट दाखविली, यात शंका नाही. परंतु हा सारा विचार नांगरल्या जाणाऱ्या जमिनीचा होता. चरणाऱ्या गुरांची वहिवाट ही कूळवहिवाट नव्हे, म्हणून सडा कायद्याच्या नजरेबाहेर राहिला.

याच काळात देशात दुग्धविकासाचा महापूर योजनेचे पर्व आले. १९७० ते १९९६ या काळात तीन टप्प्यांत ही योजना राबविली गेली. आज ज्याला आपण गोवा डेअरी म्हणतो, तो कुर्टी-फोंडा येथील सहकारी दूध उत्पादक संघ १९८४ साली उभा राहिला. गावोगावी दूध संस्था झाल्या, जर्सी आणि होल्स्टीन संकराच्या गाई आल्या, कामधेनूसारख्या योजनांतून अनुदान मिळू लागले. या प्रयत्नांची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. पेडणे तालुक्यातील कित्येक स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचा असा रोख पैसा आला तो दुधाच्या पावतीमुळे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या पावत्यांवर शिकलेली मुले आज अभियंते व शिक्षक आहेत.

तरीही हिशोबात एक खोट राहिली. गावठी गाय सड्यावरच्या गवतावर आणि पेंढ्यावर जगते. संकरित गाईला दर अडीच लिटर दुधामागे सुमारे एक किलो खुराक, शिवाय हिरवा चारा, भरपूर पाणी, उन्हाळ्यात गारवा आणि गोचिडांपासून जपणूक हवी. खुराक बाहेरून येतो, त्याचा भाव आपल्या हाती नाही. दुधाचा भाव थोडा कमी-जास्त झाला की दोन गाईंच्या मालकाचा नफा खुराकाच्या गोणीत जातो. तिचा खोंड नांगराला चालत नाही आणि नांगर तर केव्हाच पॉवर टिलरने घेतला. म्हणजे पूर्वीची चार कामे सुटली आणि एकच उरले. एकाच खांबावर उभे घर वाऱ्याला भिते. पशुगणनेचे देशपातळीवरील आकडे याच दिशेने बोलतात : २०१२ ते २०१९ या सात वर्षांत संकरित व विदेशी गोवंश सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढला आणि देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला. गोव्याला मात्र दुधासाठी आजही महाराष्ट्र व कर्नाटकाकडे पाहावे लागते.

डिचोलीत या काळात आणखी एक मोठी गोष्ट घडत होती. १९५०च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी आली आणि लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. नव्या शतकात चीनच्या मागणीने त्यांना उधाण आले. राखण्या पोर ट्रकवर क्लीनर झाला, त्याचा बाप ट्रकचा मालक झाला. जेथे सडा होता तेथे खंदक झाला आणि खंदकातून निघालेल्या मातीचा डोंगर पावसाबरोबर मळ्यांत उतरला. शिरगाव-मुळगावची शेते आणि विहिरी हा न्यायालयापर्यंत गेलेला प्रश्न आहे. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केल्यामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले. लिलावानंतर २०२४ साली डिचोलीत ते परत सुरू झाले. खाण बंद झाली तेव्हा अनेकांना गाईंची आठवण झाली. परंतु दाराशी उभ्या ट्रकच्या जागी गाय बांधता येते, सड्याच्या जागी सडा आणता येत नाही.

पेडण्याची कथा निराळी, शेवट तोच. किनाऱ्यावर हरमल, मोरजी, मांद्रे येथे पर्यटन आले आणि गवताच्या भावाने जाणारी जमीन सोन्याच्या भावाने जाऊ लागली. मोपाच्या सड्यावर दोन हजारांहून अधिक एकर जागेत विमानतळ झाला. त्याच्या पर्यावरण परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१९ साली परवाना स्थगित झाला, २०२० साली स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ नको होता असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही, आमचीही मुले त्याच विमानतळावरून ये-जा करतात. परंतु त्या सड्यावर बाराझण नावाचा धनगरांचा वाडा होता, त्यातील कुटुंबांना आपली जागा सोडावी लागली. घराच्या बदल्यात घर देता येते. म्हशींच्या चराईचे क्षेत्र मोजणारा तक्ता अजून आपल्या कार्यालयांत तयार व्हावयाचा आहे.

येथे आम्हांस स्वतःची एक नोंद करणे भाग आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका तालुका कार्यालयात होतो. म्हशींसाठी कर्ज-अनुदान मिळावे म्हणून एक वृद्ध धनगर अर्ज घेऊन आला. अर्जाला जमिनीचा कागद जोडलेला नव्हता.

"बाबा, जमिनीचा उतारा आणा," आम्ही म्हटले.

"साहेब, जमीन भाटकाराची. म्हशी तेवढ्या माझ्या," तो म्हणाला.

"मग भाटकाराचा ना हरकत दाखला आणा."

त्याने मान हलविली आणि तो गेला. अर्जावर आम्ही 'अपूर्ण, परत' असा शेरा मारला. नियमाने तो बरोबर होता. परंतु त्या डोंगराचा भाटकार म्हणजे आमचेच एक चुलते होते. रविवारी घरी गेल्यावर दोन ओळींचा कागद त्यांच्याकडून लिहून घेणे आम्हांस अशक्य नव्हते. कागद दिला तर उद्या हक्क सांगेल, ही आमच्या घरातली जुनी भीती आम्हांला ठाऊक होती, म्हणून आम्ही विषयच काढला नाही. काही वर्षांनी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा वाडा उठलेला होता. चुलत्यांच्या वारसांनी तो डोंगर पुढे विकला. आज तेथे कुंपण आहे.

ही एकट्या माणसाची गोष्ट नव्हे. २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला, गवळी-धनगरांची तशी मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही. शेजारच्या सत्तरीत म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये तेथील गोळावली गावात चार वाघ मृतावस्थेत सापडले, वाघांनी गुरे मारल्याचे आणि त्यातून विषप्रयोग झाल्याचे प्रकरण पुढे आले, आणि संशयावरून एका धनगर कुटुंबातील माणसांना अटक झाली. वाघ मारणे हा गुन्हाच आहे. पण ज्याच्या चार म्हशी हीच त्याची शेती, बँक आणि विमा, त्याची म्हैस गेल्यावर भरपाई वेळेवर पोहोचली, तरच वाघही वाचेल आणि माणूसही.

आशेच्या गोष्टीही आहेत. आपली पांढरी गावठी गाय, जिच्या नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत आणि पापण्यांपर्यंत पांढरा रंग असतो, ती जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रयत्नाने 'श्वेत कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. तिचे दूध दिवसाला दोन-तीन लिटरांच्या आसपास. लिटरांच्या स्पर्धेत ती हरणारच. परंतु ऊन, पाऊस, गोचीड आणि हलका चारा यांच्या स्पर्धेत तिला हरविणारी गाय अजून बाहेरून आलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या व डोंगरी पशुपालकांची वेगळी नोंद प्रथमच घेण्याचे ठरले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे वर्ष म्हणून जाहीर केले. जगाच्या अन्न व शेती संघटनेने २००६ साली पशुपालनाच्या पर्यावरणावरील भाराचा मोठा अहवाल काढला होता. त्यातील इशारा खरा आहे. परंतु जंगल तोडून पिकविलेल्या धान्यावर पोसलेले जनावर आणि सड्याच्या गवतावर जगून शेत कसदार करणारे जनावर यांना एकाच तराजूत घालणे बरे नव्हे.

मग आपण काय करावे? सर्वांनी पुन्हा गाई बांधाव्यात, असा भाबडा उपदेश आम्ही करणार नाही. आमच्याही घरी आज गाय नाही. परंतु दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. एक म्हणजे घरातील जुने मोडी व मराठी कागद. त्यांत चराईचे करार, तुपाच्या नोंदी, राखण्याच्या धान्याचे हिशोब, गोठणींची नावे असण्याची शक्यता आहे. वाळवीने खाण्यापूर्वी ते वाचून घ्यावेत, त्यांची प्रत पुराभिलेख खात्यात द्यावी. चराईची वहिवाट सिद्ध करणारा दुसरा पुरावा बहुधा कोठेच नाही. दुसरी गोष्ट, ज्यांच्या नावावर अजून सडा आहे आणि त्यावर अजून एखादा वाडा आहे, त्यांनी आमच्या चुलत्यांच्या भीतीतून बाहेर यावे आणि राहण्याची व चराईची परवानगी लेखी द्यावी. आपल्या पूर्वजांनी ज्यांचे तूप खाल्ले, त्यांच्या नातवंडांना दोन ओळी लिहून देणे हे दान नव्हे, जुनी बाकी आहे.

पुढच्या पाडव्याला त्या काकींच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत. शेण बाहेरूनच येईल. ते ज्या वाड्यावरून येते, तो वाडा तेथे असावा, एवढीच इच्छा आहे.